ओव्हाळ सरांचा संशय

ओव्हाळ सर कुणालाही 'कसं झालंय?' असं विचारत नसत. मावळातल्या टाकव्याला त्यांच्या घरी गेलं की त्यांच्या पत्नी शकूमावशी चहा आणून ठेवायच्या आणि सर समोर बसून पाहुण्याच्या तोंडाकडे बघत राहायचे. पहिल्या घोटाला भुवई हलते का, कप खाली ठेवल्यावर हात पुन्हा त्याच्याकडे कधी जातो, दुसरा घोट घ्यायचं माणूस गप्पांच्या निमित्तानं लांबवतोय का, सगळं त्यांच्या नजरेत असायचं. मग आतल्या खोलीकडे मान वळवून म्हणायचे, "शकू, साखर जास्त पडलीय आज."

मावशी चिडायच्या. "पाहुणं म्हणलं का तसं?"

"म्हणल कशाला? इचारलं की माणूस खोटं बोलतो. गप बघायचं."

या गप बघण्याचाच त्यांना पगार मिळत होता. एका परदेशी विमान कंपनीत ते सेवा तपासनीस होते. कंपनीचं नाव इथं सांगत नाही. ऐषआरामासाठी ती ओळखली जायची एवढं पुरे. खुर्चीचा पलंग व्हायचा, जेवण चिनीमातीच्या ताटात यायचं, आणि पुढच्या वर्गातल्या प्रवाशाला हवाईसुंदरी नावानं हाक मारायची. सर साध्या प्रवाशासारखं तिकीट घेऊन विमानात बसायचे आणि हे सगळं खरंच होतंय की नुसतं जाहिरातीत आहे, ते बघून यायचे. ऑफिसात त्यांचा उल्लेख 'संशयी' असाच व्हायचा. त्यांच्या कानावर ते गेलं होतं. "बरोबर हाय," म्हणाले, "विश्वास ठेवायला कंपनीनं बाकी सगळी माणसं ठेवलीत. संशय घ्यायला मी एकटाच."

माझी आणि त्यांची पहिली भेट लोणावळ्याला झाली. कंपनीच्या भारतातल्या ऑफिसनं तिथल्या एका मोठ्या हॉटेलात बैठक ठेवली होती. मी नवीनच लागले होते, दुसऱ्या विमान कंपन्यांशी करार करणाऱ्या विभागात. दुपारच्या जेवणाला सगळे खिडक्यांजवळच्या टेबलांशी दाटीवाटीनं बसले, आणि पांढऱ्या शर्टातला, बारीक केस कापलेला एक गृहस्थ एकटाच स्वयंपाकघराच्या दाराशी बसला. मला वाईट वाटलं. जवळ जाऊन म्हटलं, "सर, तिकडे या ना. दरी छान दिसतेय."

"दरी कुटं पळून जाती का? हितनं दार दिसतं."

मी त्यांच्यासमोर बसले. आतबाहेर करणाऱ्या वेटरांकडे त्यांनी डोळ्यानंच खूण केली. दार उघडं असताना आतला चेहरा दिसायचा, बाहेर पाऊल टाकलं की दुसरा. "दोन्ही तोंडं सारखी असली की हाटेल चांगलं," ते म्हणाले. "ह्या हाटेलातली पोरं आत रडकुंडीला आलीत. मालक ओरडणारा दिसतोय." मग ताटातला घास तसाच ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कुठली तू?"

"तळेगावची."

"मग माझ्याशी इंग्रजीत सुरुवात का केली नाहीस, बाकीच्यांसारखी? तुला इथं बसायला कुणी पाठवलं?"

मी हसले. ते हसले नाहीत. त्यांना उत्तर हवं होतं. कुणी नाही, म्हणून सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "बरं. बघू."

टाकव्याहून हे गृहस्थ विमानापर्यंत कसे पोचले, ते मला पुढे तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. वडील कामशेतला भाताच्या गिरणीत पोती उचलायचे. सर शाळा संपवून लोणावळ्याला एका हॉटेलात लागले. टेबलं पुसली, मग ऑर्डरी घेतल्या, मग जेवणघर सांभाळलं. तिथं उतरलेल्या एका परदेशी पाहुण्यानं त्यांना या विमान कंपनीची भरती सुचवली. मुलाखतीत विचारलं, तुमचा अनुभव काय? सरांनी म्हणे सांगितलं, "माणूस काही मागायच्या आधी मला समजतं त्याला काय पाहिजे." त्या उत्तरावर ते विमानात चढले आणि निम्म्या जगात उतरले. पण सुट्टी मिळाली की कान्हे फाट्यावर उतरून टाकवं. भाषा तर त्यांनी जपूनच ठेवली होती. ऑफिसात स्वच्छ इंग्रजी, साहेबांशी पुणेरी मराठी आणि ज्याच्याशी मनातलं बोलायचं त्याच्याशी मावळी. त्या पहिल्या दिवशी ते माझ्याशी निम्मे मावळीत आणि निम्मे पुणेरीत बोलले, म्हणजे अजून ठरलं नव्हतं.

त्याच बैठकीत दुपारनंतर आमच्या विभागाचे प्रमुख देसाई उभे राहिले. देखणा, हसतमुख माणूस. त्यांनी पडद्यावर जगाचा नकाशा लावला आणि सांगितलं की कंपनीनं आता एखाद्या मोठ्या अलायन्समध्ये जायचा विचार चालवला आहे. अलायन्स म्हणजे विमान कंपन्यांची आघाडी. एकानं दुसऱ्याचे प्रवासी पुढे न्यायचे, एकाच तिकिटावर सामान शेवटपर्यंत जायचं, नेहमीच्या प्रवाशाला एकानं दिलेल्या कार्डाचे गुण दुसऱ्याकडे चालायचे आणि विमानतळावरची लाउंज, म्हणजे विमानाची वाट बघत आरामात बसायच्या खोल्या, सगळ्यांच्या खास प्रवाशांना खुल्या व्हायच्या. आमची विमानं मोजक्याच मोठ्या शहरांत उतरायची. आघाडीत गेलो की नकाशा एकदम भरून जाणार होता.

सर मागच्या रांगेतून म्हणाले, "देसाई साहेब, आपल्याकडे माणूस येतो तो आपण वेगळे आहोत म्हणून. उद्या त्याला आपल्या तिकिटावर दुसऱ्याच्या विमानात बसवलं आणि तिथं त्याला थंड भात मिळाला, तर तो शिव्या कुणाला घालणार? ज्याच्याकडून तिकीट घेतलं त्यालाच ना?"

मला तेव्हा फार शहाणपण होतं. मी उठून म्हटलं, "पण सर, आज तो प्रवासी आपल्याकडे येतच नाही. त्याला ज्या गावी जायचंय तिथं आपण जात नाही. वेगळे आहोत म्हणून अर्ध्या वाटेत सोडायचं का त्याला?"

सरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. देसाईंनी लगेच टाळी वाजवली आणि जाहीर केलं की निर्णयाआधी ओव्हाळांनी आघाडीतल्या कंपन्यांची सेवा बघून यावी, सोबत नंदिनीनं, म्हणजे मी, जावं. बाहेर पडताना सर माझ्या बाजूनं चालत हळूच म्हणाले, "आता तरी सांग. तुला कुणी पाठवलं?"

या प्रवासाबद्दल त्यांना पहिल्यापासून शंका होती. शकूमावशींनी डब्यात दिलेले धपाटे खात मुंबईच्या विमानतळावर बसलो असताना ते म्हणाले, "ठरलंय सगळं. आपल्याला फोटोपुरतं पाठवतायत. उद्या सांगतील, ओव्हाळसुद्धा बघून आला." मला तो हट्टीपणा वाटला. त्यांनी विमानात चादरीची शिवण तपासली, पेल्याच्या काठावरून बोट फिरवलं, प्रसाधनगृहात जाऊन आल्यावर माझ्या कानात सांगितलं की साबण पाणी घालून वाढवलेला आहे. दुसऱ्या कंपनीच्या विमानात एका हवाईसुंदरीचे बूट चावत होते हे त्यांनी तिच्या चालण्यावरून ओळखलं. "बूट चावतोय तरी तिचं बोलणं बदललं न्हाई. पोरगी चांगली हाय. कंपनीबद्दल अजून सांगत न्हाई."

आणि मग आमच्याच कंपनीच्या मुख्य विमानतळावर ते घडलं.

विमान बदलायला थांबलो होतो. आमच्या मदत-खिडकीपासून थोड्या अंतरावर सर बसले होते, नेहमीसारखे बघत. तिथं एक वयस्कर जोडपं उभं होतं. काकांच्या डोक्यावर टोपी, काकूंच्या अंगावर पातळ आणि त्यावर जाड स्वेटर. काकूंचं बोलणं ऐकू आलं, "आवं, पण आता जायाचं कुटं आपण?" सरांची मान एकदम वर झाली. परक्या देशातल्या त्या चकचकीत दालनात कुणीतरी मावळी बोलत होतं.

दोघं कामशेतची निघाली. मुलीच्या बाळंतपणाला निघालेली. आमच्या विमानानं इथवर आली होती आणि पुढचं तिकीट मुलीनं दुसऱ्या कंपनीचं वेगळं काढलं होतं. आमचं विमान उशिरा पोचलं, पुढचं निघून गेलं. सामान आमच्या पट्ट्यावर, पण ते घ्यायला पासपोर्ट तपासणीच्या पलीकडे जायला हवं आणि त्या देशाचा व्हिसा त्यांच्याकडे नाही. काकांचं साखरेचं औषध त्याच सामानात. ते घ्यायची वेळ टळून गेली होती. खिडकीवरची आमची मुलगी अतिशय गोड आवाजात, हसून, पुन्हा पुन्हा तेच सांगत होती की तुमचा आमच्याबरोबरचा प्रवास इथं पूर्ण झालेला आहे.

तपासनिसानं आपली ओळख उघड करायची नाही, हा कंपनीचा कडक नियम होता. सर बघत राहिले. मी उठायला लागले तर त्यांनी माझा हात धरून खाली बसवलं. "थांब. ती काय करती ते बघू." ती पुन्हा हसली. तिनं पाण्याच्या बाटल्या दिल्या, चिनीमातीच्या बशीत खजूर ठेवले. तिचं वागणं नियमाला धरूनच होतं. काकूंनी खजुराकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

सर उठले. खिडकीवर जाऊन त्यांनी आपलं ओळखपत्र ठेवलं. मुलगी पांढरी पडली. "घाबरू नको," ते इंग्रजीत म्हणाले, "तू चुकली नाहीस. सामान मागव." मग काकांकडे वळून, "भाऊ, बसा हितं. मी टाकव्याचा हाय." काकूंना ते ऐकून रडूच फुटलं.

सामान आलं, औषध मिळालं. पण पुढचं तिकीट राहिलंच होतं. आम्ही त्या दुसऱ्या कंपनीच्या खिडकीवर गेलो. तिथली पर्यवेक्षक स्थूल बांध्याची, दमलेली बाई होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही आमच्या आघाडीत असतात तर मी हे बसल्या जागी करून दिलं असतं. आता मला वरच्यांच्या पाया पडावं लागेल." आणि ती खरंच फोनवर फोन करत राहिली. तिला आमच्याशी काही देणंघेणं नव्हतं. काका-काकूंना पुढच्या विमानात जागा मिळाली. त्या बाईच्या खिडकीत ना फुलं होती, ना खजूर.

आमच्या विमानात बसल्यावर सरांनी पेल्याच्या काठावरून बोट फिरवलं नाही. चादरीची शिवणही पाहिली नाही. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, "नंदा, खरं सांग. ती म्हातारा-म्हातारी तू तर उभी केली न्हाईस ना?"

मला हसू आवरेना. पण त्या दिवशी पहिल्यांदा ते मला नंदा म्हणाले होते, आणि पुरत्या मावळीत.

परत आल्यावर मुंबईच्या ऑफिसात त्यांनी देसाईंसमोर सरळ सांगून टाकलं. "मी विरोधात होतो. आता नाही. आपण वेगळे, वेगळे म्हणतो, पण आपलं वेगळेपण विमानाच्या दारापाशी संपतं. आघाडीत जा. फक्त एक. ज्याला आपल्या दारातून आत घ्याल, त्याला आपल्या माणसासारखं घ्या. नाहीतर घेऊ नका." देसाईंनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या.

जिन्यात सर थांबले. "लय लवकर वाजवली टाळी. माणसाला पटायला येळ लागतो. आधीच ठरलेलं असलं की लगेच वाजते."

ते बरोबर होते. थोड्याच दिवसांत आघाडीचं चिन्ह छापलेली नवी कार्डं आली, आणि ती छापायला आमच्या प्रवासाच्या आधीच गेली होती हे मला छपाई बघणाऱ्या मुलीकडून कळलं. देसाईंना विचारलं तर ते मोकळेपणानं हसले. "अगं, अशा गोष्टी वरच ठरतात. पण ओव्हाळ हो म्हणाले ते बरं झालं. सगळ्यांची तोंडं बंद झाली."

सुरुवातीला फायदाच झाला. ज्या गावांची नावंही आमच्या ऑफिसात कुणाला उच्चारता येत नव्हती, तिथली तिकिटं जाऊ लागली. अर्ध्या वाटेत अडकणाऱ्यांचे फोन कमी झाले. माझ्या विभागाचं कौतुक झालं. पण आमच्या मुख्य विमानतळावरच्या लाउंजमध्ये आता आघाडीतल्या सगळ्या कंपन्यांचे कार्डवाले येऊ लागले. बसायला जागा मिळेना. तिथला आचारी पूर्वी तुमच्यासमोर ऑम्लेट करून द्यायचा, आता तयार पदार्थांची ताटं मांडली जाऊ लागली. पुण्यातले एक कारखानदार आमचे जुने प्रवासी. त्यांनी मला फोन करून ऐकवलं, "मॅडम, पूर्वी मला नावानं हाक मारायचे. आता रांगेत उभं करतात. मग मी तुम्हाला जास्त पैसे कशासाठी देतोय?" आघाडी आमच्यासारख्या कंपनीला मानवते का, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळेनासं झालं.

देसाईंकडे उत्तर होतं. लाउंज नव्यानं सजवली गेली.

त्यानंतर एका कामासाठी मी तिथं गेले होते. माझ्या कर्मचारी कार्डावर मला आत सोडलं. गर्दी नव्हती, आचारी पुन्हा शेगडीपाशी होता. मला बरं वाटलं. बसते न बसते तोच सरांचा फोन आला.

"कुटं हायेस?"

"तुमच्या आवडत्या ठिकाणी. लाउंजमध्ये."

"मी पण लाउंजमध्येच हाय."

मी उठून चहूकडे पाहिलं. "दिसत नाही तुम्ही."

"दिसणार न्हाई. तशीच बांधलीय. त्या दुधी काचेकडं बघ."

एका बाजूची पूर्ण भिंत दुधी काचेची होती. मला ती शोभेची वाटली होती. पलीकडे एक अंधूक सावली उभी होती आणि तिनं हात वर केला होता.

सर यावेळी आमचं कार्ड घेऊन आलेच नव्हते. आघाडीतल्या दुसऱ्या एका कंपनीचं, तितक्याच वरच्या दर्जाचं कार्ड त्यांनी दारात दाखवलं होतं. मुलीनं गोड हसून त्यांना 'इकडून, सर' म्हणत दुसऱ्या दारानं नेलं. मी फिरून तिकडे गेले. खोली वाईट नव्हती. खुर्च्या होत्या, चहाचं यंत्र होतं, कागदी पेले होते. भिंतीवर आमच्याच कंपनीचं नाव आणि आघाडीचं चिन्ह. तिथं बसलेल्या कुणालाच ठाऊक नव्हतं की काचेपलीकडे आणखी एक खोली आहे आणि कार्डावरच्या वचनाप्रमाणे ती त्यांचीही आहे.

पुढच्या बैठकीत सरांनी हे मांडलं. देसाई चिडले नाहीत. समजावणीच्या सुरात म्हणाले, "ओव्हाळ, लक्झरी म्हणजे फरकच असतो. फरक काढून टाकला तर आपण विकायचं काय?"

"फरक विका ना. मी जन्मभर तेच केलं. पुढच्या वर्गाचं तिकीट महाग आहे, मागच्याचं स्वस्त आहे, सगळ्यांना दिसतं, ज्याला परवडेल त्यानं घ्यावं. पण हा माणूस आपण बोलावलेला आहे. त्याच्या कार्डावर आपण लिहून दिलंय की ये, तू आमच्यासारखाच. आणि तो दारात आला की हसून त्याला बाजूला काढतो, आणि बाजूला काढलंय हे त्याला कळूही देत नाही."

"एकानं तरी तक्रार केलीय का?"

"काच दुधी आहे, साहेब. तक्रार करणार कशी?"

त्यानंतर सरांना तपासणीवर पाठवणं बंद झालं. खुर्ची होती, टेबल होतं, काम नव्हतं. काही महिने त्यांनी ते सोसलं आणि मग नोकरी सोडून टाकव्याला निघून गेले. निरोपाला केक कापला. सरांनी केककडे नाही, कापणाऱ्यांच्या तोंडांकडे पाहिलं.

लावणी आटपल्यावर मी त्यांना भेटायला गेले. खाचरं हिरवीगार होती, सर बांधावर बसले होते. मी त्यांना म्हटलं, "सर, एका काचेसाठी नोकरी सोडायला नको होती. जगात इतकं काय काय चालतं."

त्यांनी पायाला लागलेला चिखल काडीनं काढला. मग सांगितलं. गिरणीजवळ चहाचं हॉटेल होतं. सर लहानपणी वडिलांना भाकरी द्यायला जायचे. "मालक लय गोड बोलायचा. या सखारामभाऊ, तुमच्यासाठी मुद्दाम आलं घातलंय म्हणायचा. आलं खरंच घातलेलं असायचं. पण आमच्या बापाचा कप भाईर, खुंटीला. चहा वरनं वतायचा. बापानं प्यायचा, कप धुवायचा, परत खुंटीला लावायचा. बाप म्हणायचा, बघ किती चांगला माणूस हाय, आलं घालतो. मी मालकाच्या तोंडाकडं बघत बसायचो. कुटं काय दिसतंय का. काय दिसायचं न्हाई. मनापासनं हसायचा तो."

ते पुढे म्हणाले, "शिवी देणारा परवडला. त्याच्यावर धावून जाता येतं. हसणाऱ्याचं काय करायचं, ते मला अजून कळलं न्हाई. म्हणून बघत राह्यलो."

शकूमावशी मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनाही हे नवीन असावं. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "उठा आता. भात निवला."

पुढच्या वर्षी आघाडीतल्याच एका कंपनीचा तपासनीस आमच्या लाउंजमध्ये येऊन गेला. त्याला काच दिसली. त्या कंपनीनं करार दाखवून जाब विचारला आणि आमच्या वरिष्ठांची धावपळ झाली. काच उतरवण्यात आली. देसाईंनी त्यावर छान भाषण केलं, आपल्या दारात सगळे समान, असं. मला इतका आनंद झाला की भाषण संपायच्या आत मी बाहेर येऊन सरांना फोन लावला.

"काच काढली सर! एकच खोली, एकच दार."

"व्हय?" त्यांचा आवाज बारीक झाला होता. मध्यंतरी हृदयाचा त्रास होऊन तळेगावच्या दवाखान्यात राहून आले होते. "चांगलं झालं. गर्दी असल तवा परत एकदा जाऊन बघ."

"तुम्ही कधी विश्वास ठेवणार आहात का कशावर?"

"ठेवीन की. तू जाऊन आलीस की ठेवीन."

मी गेले. खरं सांगायचं तर त्यांना खोटं पाडायलाच गेले. सकाळची गर्दी होती. दार एकच होतं. मी आत न जाता बाजूला उभी राहिले आणि बघत राहिले. दारातली मुलगी प्रत्येकाचं कार्ड हातात घ्यायची, हसायची, स्वागत करायची आणि हात करायची. आमचं कार्ड असलं की हात खिडक्यांकडे, जिथं वेटर फिरत होते. दुसऱ्याचं कार्ड असलं की हात उजवीकडे, खांबांमागे, जिथं चहाचं यंत्र होतं. लोक हात जाईल तिकडे जात होते. एक वयस्कर बाई काठी टेकत आल्या. कार्ड दुसऱ्या कंपनीचं. हात उजवीकडे गेला. मी पुढे होऊन त्यांना खिडकीपाशी नेऊन बसवलं आणि वेटरला बोलावलं. मुलगी माझ्या मागे धावत आली. "मॅडम, प्लीज. मला वरून सांगितलंय."

"कुणी?"

ती नुसती हसली. डोळ्यांत पाणी होतं, तरी हसली.

परतल्यावर मी सरांना फोन केला. आमचं ते शेवटचं बोलणं ठरलं. पुढच्या पंधरवड्यात ते गेले, पण त्या दिवशी तसं काही वाटलं नाही. मागे शकूमावशींचा आवाज येत होता, बहुतेक कुणाला तरी रोपांना पाणी सोडायला सांगत होत्या. मी पाहिलेलं सगळं सांगितलं. आता ते 'सांगितलं नव्हतं तुला?' म्हणतील, याची वाट बघत थांबले.

"त्या बाईंना खिडकीशी बसवलंस ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग चांगलं केलंस."

मी फोन ठेवणार, तेवढ्यात ते अगदी हळू म्हणाले,

"नंदा, एकदा तरी मी चुकायला पायजे होतो गं."